एकशे बारा नंबरचा आवाज

१

घड्याळजीच्या बायकोचा आवाज नेमका कधी गेला ते नंतर कळलं. गेल्याचं उघडकीला आलं ते एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, आणि ते कळलं खुद्द घड्याळजीलाच.

आमच्या हॉस्पिटलात एक आवाजखोली आहे. घशाच्या कॅन्सरमुळे ज्याचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्याला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथे बसवतात. हातात एक कागद देतात, त्यावर चाळीस वाक्यं. ‘आज हवा कोरडी आहे’, ‘खिडकी लावून घे’, असली. सगळ्यांना तीच. ती वाचून झाली की माणसाने आपल्या मनाचं काय ते बोलायचं. दुसऱ्या दिवशी आवाज जातो तो कायमचा, मग घरच्यांकडे उरतं ते एवढंच.

घड्याळजीच्या बायकोने तीन महिन्यांपूर्वी तिथे बसून आपला आवाज ठेवला. ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली आणि अकराव्या दिवशी ती गेली. ते अकरा दिवस ती पाटीवर लिहून बोलत होती, आणि मुलगी सात वर्षांची, जोडाक्षरांना अडखळणारी. म्हणजे पोरीने आईचं शेवटचं धड काही ऐकलंच नव्हतं.

‘आई कशी बोलायची ते विसरायला लागलेय मी,’ असं ती परवा म्हणाली, म्हणून बाप तिला घेऊन आला होता. आवाजखोलीची बाई पूर्वी रेडिओवर होती, तिला आम्ही सगळे रेडिओवालीच म्हणतो. तिने यादीत बघितलं. वॉर्ड एक, पेशंट बारा. फाइल एकशे बारा. तिने ती लावली. घड्याळजीने हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला, दोन वाक्यं ऐकली आणि काढून ठेवला.

“हा माणूस कोण आहे?” त्याने विचारलं.

आत कुणीतरी घोगरा पुरुष ‘खिडकी लावून घे’ म्हणत होता.

या हॉस्पिटलात काहीही हरवलं की मला बोलावतात. एकतीस वर्षं मी कागदी रेकॉर्डची खोली सांभाळतेय, आणि माझ्या खोलीतून आजवर एक चिटोरं गहाळ झालेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाईच म्हणा. माझ्या पाठीमागे मला ‘शून्यबाई’ म्हणतात, कारण पुठ्ठ्यावर मी वॉर्ड एक, पेशंट बारा असं न लिहिता ०१-०१२ लिहिते. वॉर्डाला दोन घरं, मधे आडवी रेघ, पेशंटला तीन घरं. “बाई, डावीकडच्या शून्याला काय किंमत?” म्हणून हसतात. हसू देत.

मी पोहोचले तेव्हा अधीक्षक साहेब आधीच हजर. “किल्ली रेडिओवालीकडे, खोली रेडिओवालीची,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत खुलासा नाही आला, तर तिचा राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे.”

रेडिओवालीने यंत्र बंद केलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मला तो नुसत्या भीतीचा वाटला नाही.

२

घड्याळजीला मी माझ्या खोलीत नेऊन चहा पाजला. पोरगी खुर्चीवर बसून सारखी चुळबुळ करत होती. कधी मान इकडे, कधी तिकडे, पाय हलताहेत, अंगात वारं भरल्यासारखी. केस एका रबराने कसेबसे आवळलेले, त्यातले निम्मे बाहेर.

“केसापेक्षा बारीक स्क्रू बसवतो मी,” तो ओशाळून म्हणाला, “पण वेणी जमत नाही. रोज सकाळी रडारड. शेवटी रबर लावून टाकतो.”

“आई काय म्हणायची गं तुला?” मी पोरीला विचारलं. मला आपलं वाटलं, लाडाचं नाव घेतलं की मुलं खुलतात.

“सांगणार नाही,” ती म्हणाली. “ते फक्त आईच म्हणायची.”

घ्या!

“बाई, मला एकाचा संशय आहे,” घड्याळजी हळूच म्हणाला. “गेली त्याच्या दोन दिवस आधी तिने पाटीवर लिहिलं होतं, ‘यंत्रात डॉक्टरांबद्दलही बोलले आहे.’ काय बोलली ते विचारायच्या आत ताप चढला. आता मला सांगा, तिचा आवाज नाहीसा होण्यात कुणाचा फायदा?”

मी डॉक्टरांना त्यांच्या खोलीत गाठलं. मोठा सर्जन माणूस, पण माझ्याशी सरळ बोलतात, कारण त्यांच्या उमेदवारीच्या काळातले घोळ माझ्या कपाटात आहेत.

“बाई, ऑपरेशनआधी तिने मला विचारलं होतं, नंतर निदान गुणगुणता येईल का?” डॉक्टर म्हणाले. “मी म्हटलं, बघू. येणार नाही हे मला माहीत होतं. धीर खचू नये म्हणून बोललो. कदाचित तेच तिने यंत्रात सांगितलं असेल.”

“म्हणजे तुम्हाला तो आवाज नकोच होता.”

ते चिडले नाहीत. “मी चोरला असता तर बरं झालं असतं हो. निदान परत तरी करता आला असता.”

खोटं बोलणारा माणूस आपल्याविरुद्धची गोष्ट आधी सांगत नाही. मी तिथून उठले ते थेट दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेले आणि किल्ल्यांची वही मागितली. गेल्या तीन महिन्यांत आवाजखोली पाच रविवारी उघडली होती. रविवारी तिथे ना पेशंट, ना काम. पाचही ठिकाणी सही रेडिओवालीची.

३

“रविवारी काय करत होतीस?” मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

“साफसफाई.”

“पाच रविवार? माझ्या डोळ्यांकडे बघून बोल.”

ती थोडा वेळ टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. मग यंत्रापाशी गेली, एक जुनी फाइल काढली आणि हेडफोन माझ्या हातात दिला. एक म्हातारा थकलेल्या आवाजात वाचत होता. ‘आज हवा कोरडी आहे. खिडकी लावून घे.’

“माझे वडील,” ती म्हणाली. “दोन वर्षांपूर्वीचे. मनाचं काही बोलायला ते नाही म्हणाले, लाजले. नुसती वाक्यं आहेत. घरी न्यायला नियमात अर्ज करावा लागतो, आणि अर्ज केला तर मग मी इथे येणार नाही. मला इथे येऊन ऐकायचं असतं. ‘खिडकी लावून घे’ असं ते घरीपण म्हणायचे, अगदी असंच.”

मी हेडफोन हळूच खाली ठेवला. मी काय मोठी फौजदार लागून गेले होते!

“पण बाई, त्याच्या बायकोचा आवाज मी ठेवला होता, नीट ऐकून ठेवला होता,” ती म्हणाली आणि तिने आपली वही पुढे केली. वॉर्ड एक, पेशंट बारा, सहा मिनिटं दहा सेकंद. “फार भरभर वाचलं तिने. चाळीस वाक्यं साडेचार मिनिटांत. मग आपलं बोलायला लागली तेव्हा मी नेहमीसारखी बाहेर गेले. ते आपण ऐकायचं नसतं.”

“मग हा घोगरा कोण?”

“देवाशपथ सांगते, हा आवाज मी कधी भरलेला नाही.”

मी ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. माणूस सावकाश वाचत होता, मधे मधे खोकत होता. वाक्यं संपल्यावर एका सिस्टरने विचारलं, “काका, आणखी काही बोलायचंय?” तो म्हणाला, “नाही. बास. मारा घंटी.”

फाइल संपली, आणि मी खुर्चीतून उठलेच.

४

‘मारा घंटी’ कोण म्हणतं? ज्याने आयुष्यभर बसमध्ये दोरी ओढली तो. मी माझ्या खोलीत गेले आणि दोन तास पुठ्ठे उलटले. पेशंटचा व्यवसाय मी नेहमी लिहून घेते, त्यावरूनही हसतात. बस कंडक्टर या वर्षात एकच होता. सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन. आणि सिस्टरच्या टिपणात वेळ लिहिलेली: पाच मिनिटं वीस सेकंद.

पण तो वॉर्ड एकचा नव्हताच. नव्या इमारतीतला होता. ती दोन महिन्यांपूर्वी उघडली, दहा, अकरा आणि बारा नंबरचे वॉर्ड तिकडे नव्याने सुरू झाले. तिथले आवाज तिथलीच सिस्टर भरते, आणि ते तारेतून आपल्याच यंत्रात येऊन पडतात. म्हणून रेडिओवालीने हा आवाज कधी ऐकला नव्हता. पण वॉर्ड अकराचा कंडक्टर वॉर्ड एकमधल्या बाईच्या फाइलीत शिरला कसा?

मी त्याच्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. माझंच अक्षर. ११-००२. शेजारी तिचा पुठ्ठा ठेवला. ०१-०१२. आणि मग मला आठवलं की यंत्रातल्या यादीत शून्यं नाहीत, रेघही नाही.

एका पाकिटाच्या मागे मी पेन्सिलीने लिहिलं. आधी एक, त्याला चिकटून बारा. खाली अकरा, त्याला चिकटून दोन.

११२.
११२.

काखेत कळसा नि गावाला वळसा! चोरबिर कुणी नव्हताच. यंत्राने दोन माणसांना एकच नाव दिलं होतं, आणि मागून आलेला आधीच्याच्या जागेवर बसला होता.

नुसतं वाटून भागत नाही, ताळा करून बघावा लागतो. हे खरं असेल, तर अकरा नंबर वॉर्डाचा पहिला पेशंट म्हणजे एकशे अकरा, आणि वॉर्ड एकचा अकरावा पेशंट म्हणजेही एकशे अकरा. मी पुठ्ठा काढला. ०१-०११ हा एक शिंपी होता, अजून जिवंत. धावत आवाजखोलीत गेले आणि रेडिओवालीला म्हटलं, “एकशे अकरा लाव.”

तिने लावली. आत एक तरुण बाई वाचत होती. रेडिओवालीने तोंडावर हात ठेवला.

मला मात्र आनंद झाला नाही. यंत्राला फाइलींची नावं द्यायला कुणी शिकवलं होतं ते मला ठाऊक होतं. ते काम माझ्या धाकट्या भावाचं होतं.

५

आपलेच दात आणि आपलेच ओठ. धाकटा हॉस्पिटलच्या कंप्यूटर विभागात आहे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी त्याला वाढवला, शिकवला, आणि मीच इथे चिकटवला. त्या दुपारी जिना चढताना दोनदा वाटलं, परत फिरावं. शनिवारी रेडिओवाली जाईल, चार दिवस चर्चा होईल, विसरतील सगळे. मग तिचा तो म्हातारा ‘खिडकी लावून घे’ म्हणालेला आठवला, आणि मी चढत राहिले.

पाकीट त्याच्यापुढे टाकलं. त्याने दोन्ही ओळी बघितल्या. हसला नाही, वाद घातला नाही. पडद्यावर आपला जुना प्रोग्रॅम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

sprintf(nav, "%d%d.voc", ward, number);

“सी भाषा आहे, ताई,” तो म्हणाला. “फाइलचं नाव आकड्यांवरून तयार करायचं. टक्का-डी म्हणजे इथे आकडा घाल. पहिला वॉर्डचा, दुसरा पेशंटचा. दोन्ही चिकटून.”

“मधे रेघ का नाही?”

“तेव्हा नऊच वॉर्ड होते. पहिला अंक तो वॉर्ड, उरलेला तो पेशंट, घोळ व्हायचा प्रश्नच नव्हता. नाव छोटं हवं होतं, पटकन टाइप करायला. दोन वर्षं काही झालं नाही. नवी इमारत उघडली तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“तुला मी लहानपणी वहीवर शून्यं काढून द्यायचे. हसायचास.”

“हो,” तो म्हणाला, आणि माझा दाढी पिकलेला भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला. मी पदर पुढे केला. रागही येत होता आणि जीवही तुटत होता. एखाद्याने जाणूनबुजून केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

“जुनं काही परत मिळेल?” मी विचारलं.

“त्याच जागेवर नवं लिहिलंय, ताई. गेलं ते गेलं.”

त्याने पडद्यावर यादी आणली. प्रत्येक फाइलपुढे तिची जाडी दाखवणारा आकडा होता. मला कंप्यूटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण पुठ्ठ्यावर तीस पानं लिहिली असताना गठ्ठा चाळीसचा असेल, तर ते मला लांबून दिसतं.

“धाकट्या, ही सत्तेचाळीस नंबरची फाइल केवढी?”

त्याने उघडली. “पाच मिनिटं वीस सेकंद.”

“कंडक्टरही पाच वीसच बोललाय. मग सत्तेचाळीसपुढे पाच हजार एकशे वीस आणि एकशे बारापुढे पाच हजार नऊशे वीस, हे कसं?”

धाकट्याने डोळे पुसले आणि पडद्याला नाक लावलं.

६

“कॅसेट,” तो म्हणाला. “ताई, जुन्या कॅसेटवर नवं गाणं भरलं आणि ते लवकर संपलं, तर?”

“मागे जुन्याचं शेपूट राहतं.”

“मी असंच लिहिलं होतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती कोरी करू नको, तिच्यावरच लिही. मधेच वीज गेली तर जुनंही जायला नको आणि नवंही, म्हणून. सुरुवातीला वेळ लिहिलेली असते, यंत्र तेवढंच वाजवतं आणि थांबतं. त्याच्यापुढे काय आहे ते कुणी बघतच नाही.”

सहा दहामधून पाच वीस गेले. उरले पन्नास सेकंद. आणि तिची वाक्यं साडेचार मिनिटांतच संपली होती, म्हणजे ते पन्नास सेकंद तिचे स्वतःचे.

“आणि शिंप्याचे?” मी विचारलं.

त्याने मान हलवली. शिंपी चार पन्नास बोलला होता, त्याच्यावर बसलेली बाई सात मिनिटं. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

शिंप्याकडे आम्ही दोघं बुधवारी गेलो. धाकट्याने सगळं उभ्यानेच सांगितलं, चूक माझी, असं. शिंप्याची बायको रडली. शिंप्याने गळ्याशी रुमाल धरला, खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, ‘आवाज होता तेव्हा मी हिला बोलू देत होतो कुठे.’ मग ते पुसलं. खडू बोटांत फिरवला. मग लिहिलं, ‘नातू व्हायचाय. त्याच्यासाठी ठेवला होता.’



७

शुक्रवारी घड्याळजी आला, पोरीला घेऊन. अधीक्षकांना माझा खुलासा आदल्या दिवशीच गेला होता, रेडिओवालीचा राजीनामा कुणी मागितला नाही, आणि धाकट्याचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं. त्याने ती ओळ बदलली होती. आता तिथे "%02d-%03d.voc" होतं. “वॉर्डाला दोन घरं, रेघ, पेशंटला तीन घरं,” तो मला म्हणाला, आणि माझी नजर चुकवली.

त्याने घड्याळजीला सगळं समजावून सांगितलं. माफी मागितली.

“दोन घड्याळांचे भाग एका डबीत पडले की असं होतं,” घड्याळजी म्हणाला. “माझ्या हातून झालंय एकदा. तेव्हापासून डबीवर गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव लिहितो. तुम्ही तर शिकलेली माणसं.”

धाकट्याने मान खाली घातली.

“पन्नासच सेकंद आहेत,” मी घड्याळजीला सांगितलं. “आधीचं गेलंय. डॉक्टरांबद्दल काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही. मधूनच सुरू होतं, मनाची तयारी ठेवा.”

रेडिओवालीने हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावला. पोरगी नेहमीसारखी खुर्चीवर वळवळत होती. मग खरखर झाली आणि एक बाई बोलायला लागली, घाईघाईने, आवाज थोडा बसलेला.

“…नको ओढूस, दुखतं तिला. तीन पेड घे. डावा मधल्यावर, मग उजवा मधल्यावर. परत डावा. तू घड्याळ उघडतोस ना, तसं सावकाश कर. रडली तर थांब, रागावू नकोस. आणि खाली रिबीन दोनदा गुंडाळ, एकदा गुंडाळलीस की शाळेत जाईपर्यंत सुटते. तू एकदाच गुंडाळशील, मला माहितेय. अं… आणखी काय? ए खारुटी, बाबा वेणी घालताना मान हलवायची नाही हं. सरळ बस बघू. अश्शी. झालं… ताई, हे बंद कसं करायचं?”

खट्.

रेडिओवाली खिडकीकडे तोंड करून उभी होती. घड्याळजीने दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

माझं लक्ष पोरीकडे गेलं. ती खुर्चीत ताठ बसली होती. पाय जुळवलेले, हात मांडीवर, मान सरळ. आवाज थांबला तरी ती तशीच बसून राहिली, बापाकडे पाठ करून.

थोड्या वेळाने घड्याळजीच्या लक्षात आलं. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, केसांतलं रबर हळूच सोडवलं आणि बोटांनी तीन पेड वेगळे केले.

“डावा मधल्यावर,” तो म्हणाला.

“मग उजवा,” पोरगी म्हणाली. मान तिने हलवली नाही.